स्मार्टफोन : खरेदी, वापर आणि भेट देताना घ्यावयाची काळजी

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. भात, नागली, वरी, उडीद आणि खुरासणी ही येथील खरीप पिके असून अलीकडच्या काळात मोगरा, काजू आणि आंबा यांच्या लागवडीकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे. या भागातील वांगणीसारखी गावे एका ठिकाणी वसलेली नसून दूरदूरच्या पाड्यांत विखुरलेली असतात. एका पाड्यावर मोबाईलची रेंज मिळते, तर ओढ्यापलीकडच्या पाड्यावर ती मिळतेच असे नाही. दिवाळीनंतर खरिपाची कामे आटोपली की अनेक कुटुंबांतील माणसे वीटभट्टी, बांधकाम किंवा इतर मजुरीसाठी वसई, भिवंडी, ठाणे, नाशिक या बाजूस जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात.

या परिस्थितीत स्मार्टफोन हे शेतकरी कुटुंबाचे एक साधन बनले आहे. भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या वेळी ही चैनीची वस्तू होती. आज हवामानाचा अंदाज, पिकाची नोंद, अनुदानाची माहिती आणि विकलेल्या मालाचे पैसे हे सारे फोनवर येते. म्हणून फोन कोणता घ्यावा, त्यावर खर्च किती करावा, तो कोणाच्या हाती असावा आणि भेट म्हणून देताना काय पाहावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

साधा फोन की स्मार्टफोन?

फोन घेण्यापूर्वी आपली गरज ठरवावी. पुढील कामे साध्या बटणांच्या फोनवरही होतात.

१) बोलणे, संदेश घेणे आणि ओटीपी मिळवणे.
२) किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करणे. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या या सेवेवर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतून सल्ला मिळतो.
३) बँकेत रक्कम जमा झाल्याचा संदेश पाहणे.
४) यूपीआय १२३पे या सेवेद्वारे इंटरनेटशिवाय पैसे पाठवणे. ही सेवा मार्च २०२२ पासून सुरू आहे.

याउलट पिकावरील रोगाचा फोटो पाठवणे, शेतात उभे राहून ई-पीक पाहणीची नोंद करणे, चेहरा दाखवून ई-केवायसी करणे किंवा विजेचा इशारा मिळवणे यासाठी स्मार्टफोन लागतो. घरात एक स्मार्टफोन आणि वृद्ध माणसांसाठी एक साधा फोन ही जोडी पुष्कळ कुटुंबांना पुरेशी होते. शेजाऱ्याने घेतला म्हणून प्रत्येकाला स्मार्टफोन घेण्याची गरज नाही.

खरेदी करताना

सर्वप्रथम आपल्या पाड्यावर कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते पाहावे. तालुक्याच्या बाजारात दुकानदार दाखवतो ती रेंज घरी उपयोगाची नसते. घराच्या ओट्यावर, शेतात आणि पाणवठ्याजवळ अशा तीन ठिकाणी शेजाऱ्यांचे फोन पाहून खात्री करावी. आपली कंपनी निरुपयोगी ठरत असल्यास क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. त्यासाठी जुना क्रमांक टाकून देऊ नये.

फोनची साठवण क्षमता किमान ६४ जीबी आणि बॅटरी सुमारे ५००० एमएएच असावी. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, तेव्हा मोठ्या बॅटरीचा खरा उपयोग होतो. फोनला सुरक्षिततेचे नवे अद्ययावतीकरण किती वर्षे मिळणार, हे विक्रेत्याला विचारावे. जुन्या प्रणालीच्या फोनवर बँकेची अॅप पुढे चालेनाशी होतात.

पक्के बिल घ्यावे. प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. फोनवर *#०६# दाबल्यास तो दिसतो. खोक्यावरील, बिलावरील आणि फोनमधील क्रमांक एकच असल्याची दुकानातच खात्री करावी. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते दोन्ही सातबाऱ्याच्या फाईलमध्ये लिहून ठेवावेत.

वापरलेला फोन घेताना अधिक सावध राहावे. बिल नसलेला फोन चोरीचा असू शकतो. संदेशात इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक लिहावा आणि तो संदेश १४४२२ वर पाठवावा. हा फोन वैध आहे की काळ्या यादीत आहे, हे उत्तरात कळते.

हप्त्याने फोन घेताना प्रत्येक हप्त्याची रक्कम, एकूण हप्ते आणि सुरुवातीला भरावयाचे शुल्क यांची बेरीज करून ती रोखीच्या किमतीशी ताडून पाहावी. फोनसाठी भट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊ नये. ती फेडण्यासाठी पुढचा हंगाम त्याच ठिकाणी, त्याच दराने काढावा लागतो.

रिचार्जचा वार्षिक हिशोब

बैल विकत घेताना आपण त्याच्या वैरणीचा विचार आधी करतो. फोनची किंमत एकदाच द्यावी लागते, पण रिचार्ज वर्षभर करावा लागतो. खरा खर्च तेथे आहे.

बऱ्याच योजना २८ दिवसांच्या असतात. आपण त्यांना महिन्याच्या योजना म्हणतो, परंतु वर्षाचे ३६५ दिवस भरण्यासाठी असे १२ नव्हे तर १३ रिचार्ज लागतात. समजा, अशा एका रिचार्जला २०० रुपये पडतात. वर्षाचा खर्च २,६०० रुपये झाला. घरात असे दोन फोन असल्यास ५,२०० रुपये होतात. पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. म्हणजे दोन फोनच्या रिचार्जमध्येच त्यातील बहुतेक रक्कम जाते. हा खर्च करू नये असे नाही. परंतु बियाणे आणि खतांबरोबर तोही वर्षाच्या अंदाजपत्रकात लिहावा.

हा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१) दिवसाचा डेटा की एकत्रित डेटा : ‘दररोज दीड जीबी’ अशा योजनेतील न वापरलेला डेटा मध्यरात्री संपतो. कालव्याच्या पाळीचे पाणी घेतले नाही तर ते जसे पुढे निघून जाते, तसेच हे आहे. ज्या घरात रेंज नाही आणि इंटरनेटसाठी टेकाडावर किंवा रस्त्यापर्यंत जावे लागते, त्या घराला रोजचा डेटा फुकट जातो. अशा ठिकाणी संपूर्ण मुदतीसाठी एकत्रित डेटा देणारी योजना पाहावी. रोजचा डेटा कमी असला, तरी हवा तेव्हा वापरता येणारा डेटा अधिक उपयोगी पडतो.

२) फक्त बोलण्याची योजना : डेटाची गरज नसलेल्या ग्राहकांसाठी फक्त बोलणे आणि संदेश यांची वेगळी योजना द्यावी, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) डिसेंबर २०२४ मध्ये केला. अशा योजनांची मुदत जास्तीत जास्त ३६५ दिवस असू शकते. साधा फोन वापरणाऱ्या वृद्धांना डेटाची योजना घेण्याचे कारण नाही. दुकानदाराने सांगितली नाही, तरी आपण होऊन ती मागावी.

३) डेटाची बचत : व्हॉट्सअॅपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. व्हिडिओ पाहताना कमी दर्जाचे चित्र निवडावे. उच्च दर्जाचे चित्र कमी दर्जापेक्षा कितीतरी पट अधिक डेटा घेते आणि लहान पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. लागवडीचा उपयुक्त व्हिडिओ गावात चांगली रेंज मिळते तेथे उतरवून ठेवून नंतर शेतात दाखवावा.

४) क्रमांक चालू ठेवणे : रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे कॉल आणि नंतर येणारे कॉल व संदेश बंद होतात. क्रमांक सतत ९० दिवस न वापरल्यास कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. तो आपल्या बँक खात्याशी जोडलेला असेल, तर बँकेचे संदेश परक्या माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून बँकेस आणि आधारला जोडलेला क्रमांक बंद पडू देऊ नये. तो बदलावाच लागला, तर आधी बँकेत व आधार केंद्रावर नवा क्रमांक नोंदवावा आणि मगच जुना सोडावा.

क्रमांक कोणाच्या नावावर, फोन कोणाच्या हाती?

ही बाब सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. समजा, एका घरात एकच स्मार्टफोन आहे. पीएम-किसानचे खाते, पत्नीचे बँक खाते, आईचे आधार आणि मुलांची शाळा या सर्व ठिकाणी त्याच फोनचा क्रमांक दिलेला आहे. दिवाळीनंतर घरधनी तो फोन घेऊन भट्टीवर जातो. मागे मोगऱ्याची तोडणी, जनावरे आणि भाजीपाला पत्नी पाहते. रेशन, बँक आणि ग्रामपंचायतीतील कामेही तीच करते. ती केंद्रावर ई-केवायसीसाठी गेली की ओटीपी येतो तो वसईला. तेथे नवरा कामावर असतो. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. तेवढ्यात निरोप पोचला नाही की तिची खेप आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया जातात.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये तिच्या लाभार्थींना ई-केवायसी करावी लागली, तेव्हा आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीची गरज पडली. ज्यांच्या आधारला दुसऱ्याचाच क्रमांक जोडलेला आहे किंवा मुळीच क्रमांक नाही, त्यांची अशा वेळी अडचण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार, देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. म्हणजे हा प्रश्न एका घराचा किंवा एका तालुक्याचा नाही.

यात आणखी एक धोका आहे. ओटीपी फोनवरून एकमेकांना सांगण्याची घराला सवय लागते. पुढे एखादा भामटा बँकेचा किंवा योजनेचा अधिकारी असल्याचे भासवून फोन करतो, तेव्हा त्यालाही ओटीपी सांगण्यात काही वावगे वाटत नाही. ज्याचे खाते त्याचा फोन, अशी व्यवस्था असली की ओटीपी कोणालाच सांगण्याची वेळ येत नाही.

यासाठी पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

१) घरातील प्रत्येक खातेदाराचा स्वतंत्र क्रमांक असावा. तो साध्या फोनमध्ये असला तरी चालेल.
२) सिमकार्ड वापरणाऱ्याच्याच नावावर घ्यावे. दुसऱ्याच्या नावावरील सिम हरवल्यास दुसरे सिम मिळवण्यासाठी त्याच माणसाला हजर राहावे लागते.
३) दुकानदार, दलाल किंवा अर्ज भरून देणाऱ्याचा क्रमांक आपल्या खात्यास कधीही जोडू नये.
४) आपल्या नावावर किती सिम आहेत, ते केंद्र शासनाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. एका व्यक्तीच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात. आपण न घेतलेला क्रमांक यादीत दिसल्यास तेथेच तक्रार नोंदवावी.
५) स्थलांतरापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, घरातील सर्व खात्यांना कोणता क्रमांक जोडला आहे याची वहीत नोंद करावी. मागे राहणाऱ्या माणसाच्या कामाचा क्रमांक मागेच ठेवावा.

शेतीसाठी उपयुक्त अॅप

अॅपची संख्या वाढवू नये. चार-पाच चांगली अॅप नियमित वापरली तरी पुरे. अॅप नेहमी प्ले स्टोअरमधूनच घ्यावे.

मेघदूत : भारतीय हवामान खाते, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी हे अॅप २०१९ मध्ये तयार केले. यात पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांचा पुढील पाच दिवसांचा अंदाज मिळतो. हवामानावर आधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी दिला जातो. भात व नागलीच्या लावणीनंतर युरियाची मात्रा देताना पुढील दोन दिवसांत मुसळधार पावसाचा अंदाज असल्यास खत देऊ नये, ते वाहून जाते. कापणी केलेल्या नागलीची कणसे खळ्यावर पसरण्यापूर्वीही अंदाज पाहावा. अंदाज जिल्हा किंवा तालुका पातळीवरील असतो. डोंगराच्या दोन बाजूंना पाऊस वेगळा पडतो, हे ध्यानात ठेवून आपला अनुभवही जमेस धरावा.

दामिनी : हे अॅप पुण्याच्या त्याच संस्थेने वीज पडण्याचा इशारा देण्यासाठी तयार केले आहे. आपल्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजेचा धोका असल्यास ते सूचना देते. त्यासाठी फोनमधील स्थान दाखवणारी सोय आणि इंटरनेट चालू असावे लागते. मॉन्सूनच्या आरंभी आणि परतीच्या पावसात शेतावर असणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो. रेंज नसल्यास साधा नियम पाळावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये. खिशातील फोनमुळे वीज ओढली जात नाही, परंतु चार्जिंगला लावलेला फोन त्या वेळी हाती धरणे धोक्याचे असते.

ई-पीक पाहणी : १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करू शकतो. शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. नागली, वरी, उडीद अशी मिश्र पिके असल्यास प्रत्येक पिकाखालील क्षेत्र नोंदवावे. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत संगणक यंत्रणेवर ताण येतो, म्हणून नोंद लवकर करावी. नोंद राहिल्यास नुकसानभरपाई आणि शासकीय खरेदीच्या वेळी अडचण येते.

पीएम-किसान : या अॅपमधून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. बोटांचे ठसे झिजलेल्या कष्टकरी माणसांना ही सोय विशेष उपयोगी आहे, आणि तिला ओटीपीही लागत नाही.

मोगरा उत्पादकांनी फोनचा उपयोग विक्रीसाठी जरूर करावा. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वी तोडून त्याच दिवशी बाजारात पोचवावी लागते. तोडणीपूर्वी दादर किंवा नाशिकच्या बाजारातील दोन निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून भाव विचारावा. पाड्यातील चार-पाच उत्पादकांनी माल एकत्र पाठवावा. वजनाच्या आणि हिशोबाच्या पट्टीचा फोटो काढून तो सर्वांना पाठवावा. महिन्याअखेर हे फोटो जमा झालेल्या रकमेशी पडताळून पाहिले की हिशोबात घोटाळा राहत नाही.

पैशाचे व्यवहार आणि फसवणूक

यूपीआय ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्याविषयी एकच नियम घरातील लहानथोरांना पाठ करून द्यावा : पैसे पाठवण्यासाठी पिन लागतो, पैसे मिळण्यासाठी पिन कधीही लागत नाही. ‘तुमचा हप्ता अडकला आहे, पिन टाका म्हणजे जमा होईल’ असे कोणी म्हणाल्यास तो माणूस खोटा आहे हे निश्चित समजावे.

हल्ली व्हॉट्सअॅपवर पीएम-किसान, बँक किंवा लग्नपत्रिका अशा नावाच्या फाईल येतात. त्या उघडल्यावर फोनमध्ये एक अॅप बसते आणि ते आपले संदेश वाचून ओटीपी भामट्यांकडे पाठवते. अशा फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही इंग्रजी अक्षरे असतात. ती ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी उघडू नये, कारण त्याचा फोनही फसवणूक करणाऱ्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम मध्येच थांबवता येण्याची शक्यता अधिक असते. लाजेपोटी गप्प बसू नये. फसवले जाणे हा गुन्हा नाही, फसवणारा गुन्हेगार आहे.

फोन भेट देताना

भट्टीवरून किंवा शहरातून परतताना आईवडिलांना, भाऊबीजेला बहिणीला किंवा मुलीला सासरी जाताना फोन देण्याची पद्धत आता रूढ होत आहे. ही भेट चांगली आहे. मात्र फोन दिला आणि रिचार्ज, सिम व शिकवणी दिली नाही, तर काही महिन्यांत तो फळीवर पडून राहतो. भेट देताना पुढील पाच गोष्टी कराव्यात.

१) जुना फोन मोकळा करून द्यावा : आपला वापरलेला फोन देताना प्रथम त्यातील आपले गुगल खाते, यूपीआय आणि व्हॉट्सअॅप काढावे. त्यानंतर फोनमधील सर्व माहिती पुसून तो मूळ स्थितीत आणावा. हा क्रम बदलू नये. खाते न काढता माहिती पुसल्यास फोन पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत फोन वापरता येत नाही.

२) सिम घेणाऱ्याच्या नावावर असावे : बहिणीला फोन द्यावयाचा असल्यास तिला सोबत नेऊन तिच्या आधारवर सिम घ्यावे. आपल्या नावावरील सिम घालून देऊ नये.

३) बिल सोबत द्यावे : दुरुस्तीसाठी, आणि फोन हरवल्यास तक्रारीसाठी, ते उपयोगी पडते.

४) पहिल्या वर्षाचा रिचार्ज भेटीतच धरावा : शक्य असल्यास थोडा स्वस्त फोन घ्यावा आणि उरलेल्या पैशातून वर्षभराची योजना द्यावी. ज्या वृद्ध आईला फक्त बोलायचे आहे, तिला स्मार्टफोनपेक्षा साधा फोन आणि ३६५ दिवसांची बोलण्याची योजना ही अधिक उपयोगाची भेट आहे.

५) दोन दिवस शिकवावे : फोन उचलणे, संदेश वाचणे, अंदाज पाहणे, फोटो पाठवणे आणि पैसे पाठवणे या पाच गोष्टी तिच्या हातून करवून घ्याव्यात. आपण करून दाखवल्याने माणूस शिकत नाही. पिन तिने स्वतः ठरवावा आणि तो देणाऱ्यालाही सांगू नये. भेट दिली म्हणजे फोनवर आणि खात्यावर आपला हक्क राहिला, असे मानू नये. तिचा फोन तिला विचारल्याशिवाय उघडून पाहणेही योग्य नाही.

घरात दुसरा फोन घेण्याची ऐपत झाली, तर तो कोणाला द्यावा हा प्रश्न येतो. बहुधा तो थोरल्या मुलाला दिला जातो. वास्तविक शेतावर रोज जाणाऱ्या आणि वर्षभर गावात राहणाऱ्या माणसाला तो आधी मिळावा. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबात हा माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरची बाई असते. हवामानाचा इशारा, मोगऱ्याचा भाव आणि किडीविषयीचा सल्ला तिच्या कामाचा असतो. तो भट्टीवरच्या फोनवर येऊन उपयोग नाही.

निगा आणि फोन हरवल्यास

पावसाळ्यात शेतावर जाताना फोन जाड प्लॅस्टिकच्या घट्ट तोंडाच्या पिशवीत ठेवावा. फोन भिजल्यास लगेच बंद करावा, सिम काढावे, कोरड्या कापडाने पुसून वाऱ्यावर वाळू द्यावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, त्याने बॅटरी बिघडते. ओला फोन चार्जिंगला लावू नये. कीटकनाशक फवारताना फोन खिशात ठेवू नये व औषधाच्या हाताने त्यास स्पर्श करू नये. रात्री उशाखाली ठेवून चार्ज करू नये.

फोन हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास पुढील क्रमाने कार्यवाही करावी.

१) दुसऱ्या फोनवरून कंपनीस कळवून सिम बंद करावे.
२) बँकेस कळवून यूपीआय व मोबाईल बँकिंग थांबवावे.
३) पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी.
४) त्याच क्रमांकाचे दुसरे सिम घ्यावे.
५) संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक देऊन फोन बंद करण्याची विनंती नोंदवावी. त्यानंतर तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. मे २०२३ पासून ही सोय सर्व नागरिकांना उपलब्ध आहे.

सारांश

स्मार्टफोन घेण्यापूर्वी पाड्यावरील रेंज आणि वर्षाचा रिचार्ज यांचा विचार करावा. २८ दिवसांच्या योजनेचे वर्षाला १३ रिचार्ज होतात, हे विसरू नये. रेंज कमी असल्यास एकत्रित डेटाची आणि वृद्धांसाठी फक्त बोलण्याची योजना निवडावी. ज्याचे खाते त्याच्याच नावावर सिम आणि त्याच्याच हाती फोन असावा. भेट देताना फोनबरोबर बिल, सिम, वर्षभराचा रिचार्ज आणि दोन दिवसांची शिकवणी द्यावी.

यंदा कामासाठी बाहेर जाण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. कोणत्या खात्याला कोणता क्रमांक जोडला आहे, ते वहीच्या एका पानावर लिहावे आणि मागे राहणाऱ्या माणसाच्या नावापुढे त्याचा स्वतःचा क्रमांक आहे की नाही ते पाहावे. नसल्यास आधार केंद्रावर आणि बँकेत जाऊन तो आधी जोडून घ्यावा. नवा फोन त्यानंतर घेतला तरी चालेल.